चाचणी फुकट, तरी बायका का येत नाहीत?

प्रश्न: जालना जिल्ह्यात देहविक्री करणाऱ्या महिलांच्या प्रकल्पात मी क्षेत्रीय कार्यकर्ती आहे. एचआयव्ही, सिफिलिसची तपासणी मोफत असूनही बऱ्याच जणी टाळतात. पत्रकं वाटून झाली. आणखी काय समजावू?

उत्तर: समजावणं पुरे झालं, आता वेळ आणि जागा बदलून बघा. दर ६ महिन्यांनी एचआयव्ही-सिफिलिस, ३ महिन्यांनी आरोग्य तपासणी, हे बहुतेकींना तुमच्याइतकंच पाठ असतं. ओपीडी सकाळची, रात्रभर ढाब्यावर किंवा लॉजवर असलेली बाई तेव्हा झोपलेली असते. एसटीत अर्धं तिकीट असलं तरी दिवसाची कमाई बुडतेच. शिवाय केसपेपरच्या खिडकीवर ‘कशासाठी आलात?’ असं सगळ्यांदेखत विचारतात. घरात पत्ता लागू न देता मोबाइलवर गिऱ्हाईक घेणारी बाई तर तिथूनच परत फिरते.

शिबिर आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी ठेवा. त्या दिवशी तालुक्याला जाणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. फलकावर ‘एड्स’ लिहू नका. बीपी, शुगर, हिमोग्लोबिनही तपासा, म्हणजे रांगेत कोण कशासाठी उभी आहे ते कळत नाही.

बोट टोचताना स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. किटवर दिलेल्या वेळेतच निकाल वाचा. उशिरा पाहिलं तर नसलेली रेघ दिसू शकते. कंट्रोलची रेघ (किट नीट चाललं हे दाखवणारी) उमटली नाही तर चाचणी बाद, नवं किट घ्या.

खरी गळती यानंतर होते. बोटाची चाचणी रिअॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्हसारखी दिसली, तरी ते निदान नव्हे. ते आयसीटीसीतल्या (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रातल्या) पुढच्या चाचण्यांनी ठरतं. ‘सोमवारी जाऊन या’ म्हटलं की ती बहुधा जात नाही. शक्यतो त्याच दिवशी सोबत जा. आणि लॉजमालक किंवा घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई) निकाल मागत असेल तर स्पष्ट नाही म्हणा: २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय ना चाचणी करता येते, ना निकाल सांगता येतो. बाईला हे आधीच सांगितलं तर ती चाचणीला तयार होते.

प्रश्न: सिफिलिसचं इंजेक्शन घेऊन वर्ष झालं, तरी दर वेळी पॉझिटिव्हच येतं. मग तपासायचं कशाला? (बीड)

उत्तर: ताई, तुमची रॅपिड कार्डावरची चाचणी बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येत राहील. तुमच्यासाठी आरपीआर ही सिफिलिसची दुसरी रक्तचाचणी हवी, तीही टायटरसह, म्हणजे रक्त किती पट पातळ करेपर्यंत ती पॉझिटिव्ह येते त्या आकड्यासह. टायटर १:३२ वरून १:८ वर आलं असेल तर औषध लागू पडलंय. १:२ वरून १:८ वर गेलं तर नवी लागण समजून पुन्हा उपचार. मागचा आकडा नसेल तर तुलनाच होत नाही आणि ते दुखरं इंजेक्शन उगाच पुन्हा टोचलं जातं. म्हणून जुना कागद जपा, निदान मोबाइलवर फोटो तरी ठेवा. जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या दवाखान्यात) गेल्या गेल्या सांगा, ‘उपचार झालेत, टायटर काढा.’ शंका असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारा, फोन मोफत आहे.