एकच पासवर्ड सगळीकडे: बॅकएंड (खाती सांभाळणारी मागची यंत्रणा) कोणता घ्यावा?

प्रश्न: कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये एनआयएस (सगळ्या मशीनना युजरची यादी पुरवणारी जुनी पद्धत) अजून व्यवस्थित चालतंय. बदलायची गरज आहे का?

उत्तर: आहे. एनआयएसची माहिती नेटवर्कवरून उघडीच जाते. बहुतेक ठिकाणी साध्या युजरने वायपीकॅट कमांड दिली तरी सगळ्यांचे पासवर्ड-हॅश (पासवर्डवरून काढलेले सांकेतिक ठसे) समोर येतात. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मधून तर ते काढूनच टाकलं आहे. सगळी मशीन लिनक्सची असतील तर फ्रीआयपीए घ्या. डिरेक्टरी (युजरची मध्यवर्ती यादी), कर्बरॉस (तिकिटं देऊन ओळख पटवणारी पद्धत) आणि सर्टिफिकेटं त्यात एकत्र मिळतात. युजर हलवताना जुने यूआयडी आकडे (युजरचे ओळख-क्रमांक) तेच ठेवा, नाहीतर एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून वाटलेल्या) फायली भलत्याच्याच नावावर दिसतील.

प्रश्न: आमच्याकडे निम्मी मशीन विंडोजची आहेत. मग?

उत्तर: मग अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची), किंवा सांबा डोमेन कंट्रोलर (तेच काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर). फ्रीआयपीएच्या डोमेनमध्ये विंडोज मशीन नीट जोडता येत नाही. लिनक्स मशीन एसएसएसडीने (लॉगिन डिरेक्टरीकडून तपासून घेणाऱ्या सेवेने) जोडा. घड्याळं मात्र जुळवून ठेवा: ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बरॉस लॉगिन नाकारतं.

प्रश्न: ओपनएलडॅपवर (आमच्या डिरेक्टरी सर्व्हरवर) लॉगिन होतं, पण फ्रीरेडियसमार्फत (वायफायचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरमार्फत) वायफायला तोच पासवर्ड चालत नाही.

उत्तर: वायफायवर बहुधा पीईएपी-एमएससीएचएपीव्ही२ ही लॉगिन-पद्धत लावलेली असणार. त्यात पासवर्ड सर्व्हरपर्यंत येतच नाही. येतं ते चॅलेंजचं उत्तर. ते पडताळायला मूळ पासवर्ड किंवा एनटी-हॅश (विंडोजच्या पद्धतीचा हॅश) लागतो. तुमच्या डिरेक्टरीत एसएसएचए हॅश (वेगळ्या पद्धतीचा) असेल, तर त्यावरून एनटी-हॅश काढता येत नाही. फ्रीरेडियस डीबग मोडमध्ये चालवा. एनटी-पासवर्ड नसल्याची तक्रार तिथे स्पष्ट दिसेल.

आमचा कौल ईएपी-टीटीएलएस (टीएलएसचा कूटबद्ध बोगदा) आणि आत पीएपी (पासवर्ड जसाच्या तसा पाठवणं) याला. पासवर्ड टीएलएसच्या आतून सर्व्हरकडे येतो आणि एलडॅप बाइंडने (तोच पासवर्ड देऊन डिरेक्टरीत लॉगिन करून) तपासला जातो. हॅश कुठलाही असो. मात्र प्रत्येक फोन-लॅपटॉपवर सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासण्याची सेटिंग चालू हवीच. ती नसेल तर बनावट अ‍ॅक्सेस पॉइंट उभारणाऱ्याच्या हातात पासवर्ड जसेच्या तसे पडतात. एनटी-हॅशही साठवणं हा दुसरा मार्ग. पण तो सॉल्ट (हॅश काढताना मिसळलेला यादृच्छिक तुकडा) नसलेला एमडी४ असतो, फुटला की नुकसान मोठं.

प्रश्न: सर्व्हर बंद पडला तर सगळेच अडकतील ना?

उत्तर: दुसरा रेप्लिका सर्व्हर (पहिल्याची प्रत) सुरुवातीपासूनच ठेवा. एसएसएसडीत क्रेडेन्शियल कॅश (लॉगिनची मशीनवरच ठेवलेली नोंद) चालू करा; त्या मशीनवर आधी लॉगिन केलेल्यांना आत जाता येईल, नव्यांना नाही. रूट (प्रशासकाचं) खातं स्थानिकच असू द्या. वायफायला या कॅशचा उपयोग नाही. त्यासाठी रेडियस सर्व्हरही दोन हवेत.