कॅपाडोशियामध्ये लोकांनी घरं आणि चर्च बांधण्याऐवजी डोंगरात का कोरली?

मुख्य कारण तिथला दगड. तुर्कस्तानच्या या भागात एर्जियेस, हसन अशा ज्वालामुखींनी लाखो वर्षांपूर्वी राखेचे जाड थर टाकले. ती राख घट्ट होऊन टफ नावाचा मऊ खडक झाला. साध्या लोखंडी अवजारानं तो कोरता येतो आणि हवा लागली की वरचा भाग कडक होतो. शिवाय लाकूड कमी, उन्हाळा कडक, हिवाळ्यात बर्फ. गुहेत मात्र तापमान फारसं हलत नाही.

आपली अजिंठा-वेरूळची लेणीही ज्वालामुखीच्याच खडकात आहेत, पण तो लाव्हाचा बेसॉल्ट. कितीतरी कठीण! त्यामानानं इथलं काम सोपं होतं.

चर्चमधली गंमत म्हणजे खांब आणि घुमट बांधीव बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) चर्चची हुबेहूब नक्कल आहेत. भार पेलायला त्यांची गरजच नाही. काही ठिकाणी खांब तुटलेत, छत तसंच आहे. अजिंठ्याच्या चैत्यगृहांत लाकडी छताच्या दगडी फासळ्या कोरल्यात, तोच प्रकार. कॅपाडोशियातल्या गोरेमे गावाजवळच्या 'अंधाऱ्या चर्च'मधली ११व्या शतकातली भित्तिचित्रं बघाच; उजेड कमी शिरल्यामुळे रंग टिकलेत.

संरक्षण हे दुसरं कारण, पण ते जास्त करून देरिनकुयू, कायमाक्लीसारख्या भूमिगत शहरांना लागू पडतं. देरिनकुयू सुमारे ८५ मीटर खोल आहे. अरब स्वाऱ्यांच्या काळात लोक आत शिरून जात्यासारखा गोल दगड आतून लोटत आणि वाट बंद करत.

तुर्कस्तान आणि ग्रीसमधल्या १९२३च्या लोकसंख्या-अदलाबदलीत इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले. काही गुहांमध्ये आता हॉटेलं आहेत.