वाढदिवसाचे केक कापूनही माणसं कारखाना का सोडून जातात?

तुम्ही लिहिलंय की 40 माणसांचं मशीन शॉप आहे, वाढदिवस साजरे होतात, वर्षातून एक सहल निघते, तरी ऑपरेटर टिकत नाहीत आणि मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात मी बरीच वर्षं क्वालिटीचं काम करतोय. माणसं सोडून जातात त्यापेक्षा ती बोलत नाहीत, याची मला जास्त काळजी वाटते.

हातून जॉब, म्हणजे मशीनवर बनवायला घेतलेला भाग, खराब झाला की ऑपरेटर पुढच्या पाच मिनिटांत काय करतो, ते बघा. सुपरवायझरला हाक मारतो, की जॉब गुपचूप चांगल्या मालात मिसळतो? मिसळला तर तो ग्राहकाच्या लाइनवर सापडतो, डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, येते, तुम्ही सगळ्यांसमोर त्या पोराला झापता, आणि पुढचा खराब जॉब आणखी खोल लपतो. केक कापून ही भीती जात नाही.

कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. गैरहजेरी प्रचंड, कामावर दारू, मालक आणि युनियन यांच्यात उघड वैर. 1984 मध्ये टोयोटासोबत भागीदारीत तो 'न्यूमी' या नावानं पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक तेच होते, युनियनही तीच. पूर्वी काही झालं तरी लाइन थांबवायची नाही असा दंडक होता. आता प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी आली. अडचण दिसली की ओढायची, टीम लीडर धावत येणार, ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबणार. गाड्यांचा दर्जा सुधारला, गैरहजेरी झपाट्यानं उतरली. दोरी कोणीही बसवू शकतो हो. ती ओढल्यावर आलेला माणूस मदत करायला आलाय याची खात्री कामगाराला होती, खरी ताकद तिथे होती.

तुमच्याकडे लाइन नसेल, पण सुपरवायझर आहे. त्याला एकच सवय लावा: रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, दिसलं की 'कोणी केलं?' विचारायच्या आधी मशीनपाशी जायचं. इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं टोक) किती जॉबवर बदलला, गेज (मापाचं साधन) कधी तपासलं, ड्रॉइंगची नवी प्रत ऑपरेटरपर्यंत पोचली होती का, हे त्याच्यासोबत उभं राहून बघायचं. पहिले काही आठवडे रिजेक्शनचा आकडा वाढेल. घाबरू नका, ते आधीही होतच होतं, आता दिसायला लागलंय. त्या काळात तुम्ही स्वतः एकदा जरी चिडलात तर सगळं पुन्हा मिटून जाईल, म्हणून सुपरवायझरपेक्षा तुमचीच परीक्षा मोठी आहे.

पगाराचं वेगळं सांगायला नको, पण सात तारखेच्या आत तो हातात पडलाच पाहिजे आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानं, कायद्याप्रमाणे. दहा किंवा जास्त माणसं असाल तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 2013 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. बाई कामावर एकच असली तरी ती करा, आणि सदस्यांची नावं भिंतीवर लावा.

ठेकेदाराच्या पोरांबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. मशीन तेच, धोका तोच, पण त्यांना सेफ्टी शूज जुने, चहा शेवटी, आणि हाक 'ए ठेक्या'. कायम कामगार हे रोज बघतात आणि उद्या आपलंही असंच होईल, हे मनात धरतात. बूट सगळ्यांना एकाच दिवशी द्या. नावानं हाक मारायची शिस्त तुमच्यापासून सुरू करा.

रजेचा तक्ताही आत्ताच भिंतीवर लावून टाका. कोकणातल्यांना गणपती, देशावरच्यांना आषाढी, शेती असलेल्यांना सुगी. कोण कधी जाणार हे त्यांनाच आपसात ठरवू द्या. तारीख नक्की असली की न सांगता दांड्या मारणं बरंच कमी होतं, आणि तुम्हाला डिस्पॅचचं नियोजनही आधीच करता येतं.