इमारत मिळेल, वीजबिलाचं बघ

प्रिय मित्रा,

विज्ञानकेंद्राच्या इमारतीसाठी नगरपरिषदेला द्यायचा तुझा प्रस्ताव वाचला. त्यातल्या विज्ञानाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. मी आयुष्यभर पालिकांच्या लेखा विभागात बसलो, त्यामुळे सवयीने शेवटचं पान आधी उघडलं. तिथे एकच रक्कम दिसली, बांधकामाची. म्हणून हे पत्र.

इमारत मिळणं तुला वाटतं तितकं अवघड नाही. इमारत सगळ्यांनाच आवडते. भूमिपूजन होतं, कोनशिलेवर नावं लागतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. खासदार निधी काय किंवा आमदार निधी काय, त्यांचा रोखच टिकाऊ मालमत्ता उभी करण्यावर असतो. पगार, वीजबिल अशा दरवर्षीच्या खर्चाला त्यातून पैसा निघत नाही. जिल्हा नियोजन समितीतही ‘कामं’ सुचवली जातात, माणसं नेमायला कोणी उत्साहाने हात वर करत नाही. मग होतं काय, चकचकीत फरशी, दाराला कुलूप आणि आत धूळ खात पडलेली उपकरणं. असली भवनं तूही पाहिली असशील. केंद्र चालवायचं कोणी आणि कुठल्या पैशातून, हे ज्या ठरावात लिहिलेलं नाही त्या ठरावातली इमारत घेऊ नकोस. सरळ नको म्हण. लोक वेड्यात काढतील, काढू देत.

आता पालिकेच्या बाजूने बघ. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात पालिकेची कामं दोन गटांत मांडली आहेत. पाणी, सफाई, दिवाबत्ती ही करावीच लागतात. बागा, वाचनालयं, संग्रहालयं ही ऐच्छिक. म्हणजे विज्ञानकेंद्रावर खर्च करायला कायद्याची आडकाठी नाही, पण सक्तीही नाही. ज्या वर्षी जलवाहिनी फुटलेली असेल त्या वर्षी तुझा विषय मागे पडणार, आणि खरं सांगायचं तर पडायलाच हवा. तेव्हा प्रस्तावातला ‘विज्ञानकेंद्र हा प्रत्येक नागरिकाचा हक्क’ हा परिच्छेद काढून टाक. त्याने सभागृहात नुसती चीड येते.

फाईल कशी फिरते ते एकदा समजून घे. अर्ज आवक विभागात दे आणि शिक्क्यानिशी पोच घे. आवक क्रमांकाशिवाय तू तिथे आलासच नव्हतास असं समज. फायलीत एका बाजूला पत्रव्यवहार लागतो, दुसऱ्या बाजूला टिपणी चढत जाते. लिपिक चार ओळी लिहून ‘सादर’ म्हणतो, नगर अभियंता जागेबद्दल नि खर्चाबद्दल लिहितो, आणि मग फाईल लेखापालाच्या टेबलावर येते. तो लिहितो, ‘सदर कामासाठी चालू अंदाजपत्रकात तरतूद नाही.’ खाली सही. या एका ओळीने मी किती उत्साही मंडळींना घरी पाठवलं असेल याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी ती ओळ खरी होती.

त्यावर उपाय आहे तो वेळेचा. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक हिवाळ्यात बांधायला घेतात, दिवाळीनंतर विभागांच्या मागण्या लेख्याकडे यायला लागतात. तुझी मागणी त्याआधी तिथे पोचली पाहिजे. पहिल्या वर्षी लाखभराची टोकन, म्हणजे नावापुरती, तरतूद मिळाली तरी नाक मुरडू नकोस. लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं त्या खर्चाचं खातं, एकदा उघडलं की पुढे त्यात रक्कम वाढवता येते. शीर्षच नसेल तर पैसा असूनही टाकायचा कुठे? आणि शीर्षं दोन माग. एक भांडवली बाजूला, बांधकामाचं. दुसरं महसुली बाजूला, केंद्र चालवण्याचं. पहिलं सगळे देतील. दुसऱ्यासाठी भांड.

घाई झाली की कोणीतरी कानात सांगेल, ‘ऐनवेळच्या विषयात घेऊन टाकू, दोन मिनिटांत मंजूर.’ घेऊ देऊ नकोस. विषयपत्रिकेवर नसलेला ठराव पाडायला विरोधकांना फार कष्ट पडत नाहीत. त्याच १९६५च्या अधिनियमाच्या कलम ३०८खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार जाते, ठरावाला स्थगिती मिळते आणि तुझं केंद्र दोन गटांच्या भांडणात वर्षभर लोंबकळत राहतं. विषय रीतसर पत्रिकेवर येऊ दे. जमलं तर सूचक एका बाजूचा आणि अनुमोदक दुसऱ्या बाजूचा असू दे. इमारतीला कोणाचं नाव द्यायचं हे तर तू चुकूनही सुचवू नकोस. त्या एका वादावर भली भली कामं अडलेली आहेत.

जागेचं थोडक्यात. तू दाखवलेला भूखंड विकास आराखड्यात कशासाठी आरक्षित आहे ते नगररचना विभागात जाऊन बघ. मैदानाचं आरक्षण असेल तर तो नाद सोड. आराखड्यात किरकोळ फेरबदल करायलाही हरकती-सूचना मागवाव्या लागतात, वर शासनाची मंजुरी, आणि त्यात वर्षं जातात.

पिंपरी-चिंचवडच्या सायन्स पार्कचा दाखला तू तीनदा दिला आहेस. ते महापालिका आणि राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद यांनी मिळून उभं केलं, २०१३मध्ये खुलं झालं, सगळं खरं. पण त्या महापालिकेची तिजोरी कुठे आणि आपली नगरपरिषद कुठे? तिथून घ्यायचीच तर एक गोष्ट घे. गाड्यांचे कारखाने असलेल्या त्या शहराने वाहनांवर स्वतंत्र दालन केलं. आपल्याकडे ऊस आहे, साखर कारखाना आहे, नदी आहे. नगरसेवकाला त्याचं गाव त्या दालनात दिसू दे.

त्या विज्ञान संग्रहालय परिषदेचा रस्ता आपल्यालाही बंद नाही. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजनेत खर्च केंद्र आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा उचलतात. पण जागा आपण द्यायची असते आणि उभं राहिलेलं विज्ञानकेंद्र पुढे चालवायचंही आपणच. म्हणजे फिरून पुन्हा वीजबिलच.

पुण्याच्या आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, मुलांसाठी जी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिची इमारत पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून झाली. ती रोज गजबजलेली असते, कारण इमारतीच्या आधी तिथे चालवणारी माणसं होती. तुझ्याकडे तशी माणसं किती? नावं लिहून काढ. फिरत्या स्टुलावर बसून सायकलचं चाक तिरकं करायचा प्रयोग असतो ना, त्याचं बेअरिंग शाळकरी मुलांच्या हाती किती महिने टिकेल? ते बदलणारा फिटर कोण? प्रदर्शनाइतकीच वर्कशॉपची खोली नकाशात हवी, आणि तुझ्या नकाशात ती नाही.

नकाशावरून आठवलं. नगर अभियंता तुला सांस्कृतिक भवनाचा तयार नकाशा देईल, व्यासपीठासकट. स्लॅब पडण्याआधी त्याच्याशी बस. फुकोचा लंबक, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा उंचावरून झुलणारा गोळा, टांगायचा तर दोन मजल्यांची सलग उंची लागते, मागाहून ती मिळत नाही. (आपल्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा एक फेरी पुरी करायला तीन दिवसांहून थोडं जास्त घेतं म्हणे. फायलीपेक्षा वेगवानच.)

इमारत मागण्याआधी पालिकेच्या बंद पडलेल्या शाळेतल्या दोन खोल्या भाड्याने माग आणि वर्षभर काहीतरी चालवून दाखव. शाळांच्या सहली थंडीत येतात. पावसाळ्यातल्या मंगळवारी कोण येतं ते तुला तिथेच कळेल. रोजच्या नोंदवहीत शाळेचं नाव, मुलांची संख्या आणि शिक्षकाची सही घे. शेजारी यूडायसमधले, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतले, तालुक्याच्या पटसंख्येचे आकडे ठेव. प्रस्तावाला जोडलेल्या तुझ्या रंगीत चित्रांपेक्षा ही वही लेखापाल जास्त वेळ चाळेल.

मुख्याधिकाऱ्यांची वेळ इतक्यात मागू नकोस. आधी लेखापालांना भेट, दुपारी तीननंतर, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नको, तेव्हा पगाराची बिलं असतात. चालू अंदाजपत्रकाची प्रत मागून घे आणि महसुली खर्चाची पानं घेऊन माझ्याकडे ये. बसून बघू कुठे जागा निघते ते.

तुझा,
काका