एकाएकी उंच झालेली रोपे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : गादीवाफ्यावरील भाताची काही रोपे इतरांपेक्षा वीतभर उंच, सडपातळ आणि फिकट दिसत होती. ती जोमदार असतील असे समजून मी मुद्दाम निवडून लावली. परंतु त्यांना फुटवे फारसे आले नाहीत आणि बरीचशी वाळून गेली. हा बुरशीचा रोग असून त्यामागे संप्रेरक (वाढीसारख्या क्रिया नियंत्रित करणारे रसायन) आहे, असे मला सांगण्यात आले. रोगट रोप वाढते कसे?

उत्तर : रोगट म्हणजे खुरटलेले, हे आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की उंच रोपाविषयी शंकाच येत नाही. जपानमध्ये या रोगाला ‘बाकानाए’, म्हणजे ‘वेडे रोप’, असे नाव आहे. असे एखादे रोप उपटून जवळून पाहावे. त्याची कांडी लांबलेली असतात, पाने खोडापासून अधिक फाकलेली असतात, बुंध्याजवळच्या पेरांना जमिनीच्या वर मुळे फुटलेली असतात, आणि मेलेल्या रोपाच्या बुंध्यावर पांढरट किंवा गुलाबीसर बुरशीचा थर दिसतो.

१९२६ मध्ये एइची कुरोसावा या जपानी संशोधकाने ही बुरशी द्रवात वाढवली, ती गाळून वेगळी केली आणि उरलेला द्रव निरोगी रोपांना दिला. बुरशीचा स्पर्शही नसताना ती रोपे तशीच उंच झाली. त्या द्रवातील पदार्थाला तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये बुरशीच्या तत्कालीन शास्त्रीय नावावरून ‘जिबरेलिन’ असे नाव दिले आणि १९३८ मध्ये त्याचे स्फटिक मिळाले. वनस्पती स्वतःही जिबरेलिन तयार करतात, हे त्यानंतर उलगडले. म्हणजे वनस्पतींच्या एका मुख्य संप्रेरकाचा शोध एका रोगामुळे लागला. मला याहून विलक्षण वाटते ते असे की, बुरशीने हा पदार्थ तयार करण्याचा मार्ग वनस्पतीकडून घेतलेला नाही. तो स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला असून त्यासाठी लागणारी सात जनुके तिच्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली आहेत.

वनस्पतीच्या पेशींत ‘डेला’ नावाची प्रथिने वाढीला लगाम घालतात आणि जिबरेलिन मिळाले की ती नष्ट होतात. हीच प्रथिने बचावाच्या काही यंत्रणांनाही बळ देत असल्यामुळे लगाम सुटला की रोप उंच होते आणि त्याच वेळी त्याची प्रतिकारशक्ती ढिली पडते. हा रोग मुख्यतः बियाण्यातून पसरतो. म्हणून बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे हलके दाणे काढून टाकावेत, उरलेले स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे, आणि लावणीच्या वेळी नेमकी उंच रोपे बाजूला काढावीत.

प्रश्न : मग पिकाची स्वतःची संप्रेरके बुरशीशी लढत नाहीत का? ती फवारून रोग टाळता येईल का?

उत्तर : लढतात, परंतु कोणत्या शत्रूशी, यावर सगळे अवलंबून असते. तांबेरा किंवा भुरी यांच्या बुरशीला जिवंत पेशीच हवी असते. अशा वेळी सॅलिसिलिक आम्ल या संप्रेरकावर आधारलेला बचाव उपयोगी पडतो, कारण त्यात पेशी मरू देऊन शत्रूची उपासमार करता येते. जी बुरशी पेशी मारूनच खाते, तिला मात्र मेलेल्या पेशी म्हणजे आयते ताट. तिच्याविरुद्ध जॅस्मोनिक आम्ल आणि इथिलीन ही संप्रेरके अधिक कामाला येतात. हे दोन बचाव बऱ्याचदा एकमेकांना दाबतात, मात्र तृणधान्यांत, विशेषतः भातात, ही विभागणी इतकी काटेकोर नाही.

बुरशीही या व्यवहारात हात घालते. मक्याच्या काणीची बुरशी सॅलिसिलिक आम्लाचा कच्चा माल दुसरीकडे वळवणारे एक विकर (एन्झाइम) पेशीत सोडते. भातावरील करप्याची बुरशी जॅस्मोनिक आम्लाचे रूपांतर निष्प्रभ रूपात करते. तांबेऱ्याच्या पुटकुळ्या असलेले पान पिवळे पडू लागले, तरी पुटकुळ्यांभोवतीचे वर्तुळ हिरवेच राहिलेले अनेकदा दिसते; सायटोकायनिन हे संप्रेरक तिथला भाग तरुण ठेवते आणि बुरशीची शिदोरी टिकून राहते.

फवारणीबद्दल मी सावध राहीन. भाताच्या पानात सॅलिसिलिक आम्ल मुळातच भरपूर असते, त्यामुळे त्यात आणखी भर घालण्यापेक्षा त्याला प्रतिसाद देण्याची पिकाची क्षमता जागी करणे महत्त्वाचे ठरते. जपानमध्ये १९७५ पासून करप्यासाठी वापरले जाणारे प्रोबेनाझोल याच तत्त्वावर चालते : ते मुख्यतः बुरशीला मारत नाही, तर पिकाचा स्वतःचा बचाव चेतवते. तरीही एक बचाव वाढवला की दुसरा उघडा पडण्याचा धोका असतो. बुटक्या गव्हाच्या जातींत डेला प्रथिने जिबरेलिनला दाद देत नाहीत. प्रयोगांत अशी रोपे पेशी मारणाऱ्या बुरशींना अधिक तोंड देऊ शकली, पण जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशींना जास्त बळी पडली.

शेतात हाताशी असलेला उपाय पाण्याचा आहे. ओलावा कमी पडला किंवा थंडीचा कडाका पडला, की भातात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. ते पाण्याची बचत करते, पण करप्याविरुद्धचा बचाव मंदावते. म्हणून करप्याला पोषक हवामान असताना भाताचे खाचर कोरडे पडू देऊ नये.