चोरीचा संशय आणि कातडीचा रंग

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात नोकरी करतो. त्याच्याशी बोलताना अमॉड आर्बरी खून खटल्याचा विषय निघाला. वस्तीत चोऱ्या होत असतील, तर रहिवाशांनी बंदुका घेऊन संशयिताचा पाठलाग केला यात वर्णद्वेष कुठून आला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपले मत कळवावे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : चोरीची भीती खरी असू शकते, पण ती कोणाला पाहून जागी होते, हे तपासल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. २३ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रन्सविक शहराजवळच्या सॅटिला शोअर्स या वस्तीत धावणाऱ्या २५ वर्षांच्या आर्बरी या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाच्या मागे एक गोरे बापलेक बंदुका घेऊन पिकअप गाडीतून लागले, एक शेजारी आपली गाडी काढून त्यांना सामील झाला आणि सुमारे पाच मिनिटे त्याच्या वाटा अडवल्यावर मुलाने त्याला गोळ्या घातल्या. आर्बरी त्याआधी बांधकाम चालू असलेल्या एका घरात शिरला होता, हे खरे आहे. मात्र तिथल्या कॅमेऱ्यांत इतर दिवशी एक गोरे जोडपे आणि काही मुलेही आत शिरताना दिसली होती, आणि आर्बरीने तिथून काही उचलल्याचे एकाही चित्रीकरणात नाही. त्याने आपल्याला धमकी दिली नव्हती, शस्त्रही दाखवले नव्हते, हे गोळ्या घालणाऱ्याने स्वतःच साक्षीत मान्य केले.

मला त्याहून अस्वस्थ करते ते पुढचे. बाप पूर्वी सरकारी वकिलाच्या कार्यालयात तपासनीस होता. प्रकरण ज्यांच्याकडे आले त्यांतल्या एका सरकारी वकिलाने, नागरिकाला अटकेचा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या आधारे हा पाठलाग रीतसर ठरवून टाकला. हा कायदा १८६३ सालचा, म्हणजे जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर असतानाचा. पळणाऱ्या काळ्या माणसाला अडवणे हे तेव्हा तिथे गोऱ्यांचे कर्तव्यच मानले जाई. शेजाऱ्याने स्वतः केलेले चित्रीकरण मे महिन्यात लोकांसमोर आले, तेव्हा कुठे बापलेकांना अटक झाली, घटनेनंतर ७४ दिवसांनी. मारणाऱ्याचा शब्द इतके दिवस पुरेसा वाटला आणि मेलेला मात्र चोरच धरला गेला. वर्णद्वेष मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण इथे कोणी शिवी दिलेली नाही आणि तरीही एका माणसाच्या जिवाची किंमत ठरून गेली आहे.

राज्याच्या खटल्यात सरकारी पक्षाने वर्णाचा मुद्दा फारसा काढलाच नाही. तरीही, ज्यात एकच कृष्णवर्णीय सदस्य होता अशा १२ जणांच्या ज्यूरीने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांनाही खुनासाठी दोषी ठरवले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये संघीय न्यायालयात आरोपींचे काळ्या लोकांविषयीचे गलिच्छ संदेश पुराव्यात आले आणि आर्बरीवरचा हल्ला त्याच्या वर्णामुळेच झाला, असा निकाल लागला.

राज्याच्या खटल्यात जन्मठेप सुनावताना न्यायाधीश एक मिनिट गप्प बसले होते, ते आर्बरी जितका वेळ जीव घेऊन पळत होता त्याचा छोटासा अंश सर्वांना कळावा म्हणून. तो जुना कायदा २०२१ मध्ये रद्द झाला.