पीसी चालूच होईना? आधी हे बघ
भावा, लगेच पीसी उचलून राजारामपुरीतलं दुरुस्तीचं दुकान गाठू नकोस. बटण दाबल्यावर पंखा फिरतोय का? काहीच हलत नसेल तर सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघ, मग एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) मागचं बटण. झाडलोट करताना ते बंद पडलेलं असतं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर बसवलेल्या मेमरीच्या पट्टीवर. आपल्याकडं पावसाळ्यात हवा दमट, रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो. प्लग काढ, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून हात कॅबिनेटच्या पत्र्याला लाव, रॅम काढून पट्ट्या खोडरबरानं हळू पूस आणि खिट्टी टक्क वाजेपर्यंत दाबून बसव. दोन असतील तर एकेक लावून बघ.

एसएमपीएस मात्र उघडायचा नाही. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, शॉक बसू शकतो.